थंड पाण्याची काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. पूर्वी माझे तीन तुकडे होते. ते एकात एक बसवले की मी पुरी व्हायचे. आता दोनच उरले आहेत. दुबईत, अल मनखूल भागातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी राहते. तुम्ही म्हणाल, या वाळूच्या शहरात गळाच्या काठीला काय काम? काम पडलं होतं. ते कसं पडलं तेच सांगणार आहे. फक्त माझ्याकडून शौर्याच्या कथेची अपेक्षा करू नका. माझ्या आयुष्यात भीतीच जास्त आहे.

माझा जन्म इंग्लंडच्या उत्तरेला एका छोट्या कारखान्यात झाला. बांबू चीनहून आला होता. एका म्हाताऱ्या कारागिराने तो चिरून त्याच्या निमुळत्या पट्ट्या काढल्या. सहा पट्ट्या सरसाने जोडून एकेक तुकडा केला, रेशमी दोऱ्याने त्यावर बारीक कड्या बांधल्या, बुचाची मूठ बसवली आणि शेवटी वार्निशचा हात दिला. माझा शेंडा इतका बारीक झाला की नुसता श्वास लागला तरी तो हलायचा. कारागीर मला हवेत एकदा फिरवून स्वतःशीच हसला होता.

माझी मासेमारी जरा वेगळी असते. माझ्या दोरीला गांडूळ किंवा कोळंबी लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावतात. ती इतकी हलकी असते की नुसती भिरकावली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन असतं ते दोरीला. मला मागे न्यायचं, क्षणभर थांबायचं, दोरी हवेत पाठीमागे उलगडू द्यायची आणि मग पुढे आणायचं. दोरी सरसरत जाते आणि सगळ्यात शेवटी माशी अलगद पाण्यावर टेकते. ट्राऊट नावाच्या माशाला ती खरी वाटली की झालं.

माझे पहिले मालक रॅम्सडेन साहेब. त्यांच्या गावच्या नदीवर ट्राऊटचा हंगाम मार्चअखेरीस सुरू व्हायचा. मित्रांनो, ती थंडी तुम्हाला कशी सांगू! डोंगरावरचं बर्फ वितळून पाण्यात उतरलेलं असायचं. साहेब मांड्यांपर्यंत रबरी बूट चढवून नदीत उभे राहायचे, तरी त्यांचे पाय बधिर व्हायचे. माझ्या कड्यांमध्ये बर्फ धरायचं आणि दोरी अडकायची. मग साहेब एकेक कडी ओठांजवळ नेऊन फुंकर घालायचे. ट्राऊट तर तळाशी दगडांच्या आडोशाला सुस्त पडून असायचे. दुपारी घटकाभर ऊन पडलं की काळसर माश्या पाण्यावर उतरायच्या. तेवढाच वेळ मासे वर यायचे आणि तेवढ्यासाठी साहेब सकाळपासून कुडकुडत उभे असायचे. एखादा मासा लागला की माझ्या शेंड्यापासून मुठीपर्यंत झिणझिण्या जायच्या. तांबड्या ठिपक्यांचं ते ओलं अंग साहेब क्षणभर हातात धरायचे आणि परत सोडून द्यायचे.

एका वर्षी हंगामाच्या सुरुवातीलाच नदी फुगली होती. साहेबांनी शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवला आणि तो सटकला. पाण्याने त्यांना उचललं. बुटांत पाणी शिरलं, टोपी गेली. मला सोडून दिलं असतं तर त्यांचा हात मोकळा झाला असता, पण गारठलेली बोटं उघडेनात. मी दगडावर आपटत, पाण्याखाली जात, त्यांच्याबरोबर फरपटत गेले. खालच्या वळणावर एका झाडाचं मूळ त्यांच्या दुसऱ्या हाताला लागलं म्हणून ते वाचले. काठावर आडवे पडले तेव्हा त्यांचे ओठ निळे झाले होते. ते थरथरत होते, आणि त्यांच्या हातात मीही. माझ्या मधल्या तुकड्यावरचं वार्निश तडकलं. ते पुढे दुरुस्त झालं. पण तेव्हापासून वाहत्या पाण्याच्या आवाजाची मला धास्ती बसली, ती बसलीच.

म्हणून साहेब दुबईला आले तेव्हा मला हायसं वाटलं. एक्याण्णव साल असेल. जबल अलीच्या बंदराजवळ एका मोठ्या गोदामाचा कारभार त्यांच्याकडे आला होता. इथे नदी नव्हती. समुद्राचं खारं पाणी माझ्या पितळी जोडांना सोसत नाही, म्हणून साहेब मला तिकडे कधी नेत नसत. संध्याकाळी ऑफिसमागच्या हिरवळीवर ते नुसतीच दोरी फेकत बसायचे.

गोदामातले नागेश हे बघत राहायचे. नागेश देवगडचे. लहानपणी खाडीवर गरी टाकून बसलेले, त्यामुळे त्यांचे हात शिवशिवायचे. शेवटी त्यांनी विचारलंच, "सर, पाणी नाही, मासा नाही. मग हे कशासाठी?" साहेब म्हणाले, "मासा भेटेल तेव्हा शिकायला वेळ नसतो." आणि त्यांनी मला नागेशच्या हातात दिलं. पुढे कित्येक संध्याकाळी दोघं मिळून ते गवत तुडवत होते. मागे झाडं दाटली असतील आणि दोरी पाठीमागे न्यायला जागा नसेल तर काय करायचं, तेही साहेबांनी दाखवलं. दोरी पुढेच पडू द्यायची, मला हळूहळू कानापर्यंत उचलायचं आणि हातोडी मारल्यासारखं एकदम खाली आणायचं. मग दोरी पाण्यावर चाकासारखी गोल गोल उलगडत जाते.

साहेब निवृत्त होऊन परत निघाले तेव्हा मला नागेशच्या स्वाधीन करून गेले. "ही वापरात ठेव," एवढंच म्हणाले.

पण वापरणार कुठे? अल मनखूलच्या घरात मी माझ्या लांब, झाकणाच्या नळीत बंद होऊन कपाटामागे गेले. नागेशच्या पत्नी सुजाता एका दवाखान्यात रिसेप्शनला होत्या. ड्युटी, डबे, बस यांच्या धावपळीत मी त्यांना झाडू मारताना तेवढी आडवी यायचे. "अहो, ही तुमची नळी एकदाची कुणाला तरी देऊन टाका. घरात पाय ठेवायला जागा नाही," असं त्या दर दिवाळीला म्हणायच्या. नागेश "बघू, इन्शाल्ला," म्हणून हसण्यावारी न्यायचे. धूळ, अंधार आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास. माझी काही वर्षं अशीच गेली.

मला बाहेर काढलं ते ईराने. ही त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची असेल. "बाबा, व्हॉट इज धिस?" म्हणत तिने नळीचं झाकण उघडलं. त्या शुक्रवारी नागेश तिला घेऊन बागेत गेले. गळाऐवजी टोकाला पिवळ्या लोकरीचा गोंडा बांधला आणि गवतावर स्टीलची थाळी ठेवली. गोंडा थाळीत पडला पाहिजे, असा खेळ. पहिले काही दिवस दोरी ईराच्या वेणीत, झाडात, नागेशच्या चष्म्यात, सगळीकडे अडकली. मग एक दिवस तिचं मनगट वळलं. त्यानंतर थाळी वाजायचीच. एरवीचा सराव इमारतीच्या गच्चीवर चालायचा आणि शेजारच्या मैमुनाबी खाला, म्हणजे मावशी, तो बघायला जिना चढून यायच्या. त्या रत्नागिरीकडच्या. मुलगा-सून कामाला गेले की त्यांचा सगळा जीव ईरात. "काय गो पोरी, आभाळाचा मासा धरशील एक दिवस!" असं त्या कौतुकाने म्हणायच्या. वॉचमन मात्र "यल्ला, नीचे जाओ!" करत वर यायचा.

ते माझे खरे सुखाचे दिवस. काम होतं, कौतुक होतं आणि पाणी नव्हतं.

ईरा बारा वर्षांची झाली त्या फेब्रुवारीत नागेशनी बेत काढला. त्यांना कुणी तरी सांगितलं होतं की डोंगरात एका वादीत बारमाही पाणी आहे. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी, नुसता दगडगोट्यांचा पट. पण कुठे कुठे झऱ्याचं पाणी साठून डोह झालेले असतात आणि त्यात बोटाएवढे मासे असतात. "साहेबांच्या नदीसारखं थंड पाणी आहे म्हणे," नागेश म्हणाले. "ट्राऊट नाहीत, पण वाहत्या पाण्यावर एकदा तरी तिने दोरी टाकावी. गळ लावायचा नाही, नुसता गोंडा." सुजाताबाई कुरकुरल्या, पण पोळ्या-भाजीचा डबा करून निघाल्या. मैमुनाबी खालाही घडीची खुर्ची घेऊन गाडीत बसल्या.

मी नळीत होते. 'वाहतं पाणी' हे शब्द माझ्या कानावर आले आणि परत कपाटामागे जावंसं वाटलं.

वादी सुंदर होती, हे मला कबूल केलं पाहिजे. दोन्ही बाजूंना तपकिरी डोंगर, मधे पांढऱ्या गोट्यांचा रुंद पट आणि त्यातून घोट्याएवढं स्वच्छ पाणी. पटाच्या मधोमध एक मोठा सपाट खडक होता. त्याच्या भेगेतून बाभळीसारखं एक काटेरी झाड उगवलेलं होतं. खडकाच्या खालच्या अंगाला डोह होता. ईरा आणि सुजाताबाई पाण्यातून चालत त्या खडकावर चढल्या. ईराने पाण्यात हात घातला आणि किंचाळली, "मम्मी! इट्स फ्रीझिंग!" नागेश चटई आणायला गाडीकडे गेले. गाडी उंच काठावर रस्त्याच्या कडेला होती आणि तिथेच खाला खुर्ची टाकून बसल्या होत्या.

ऊन छान पडलं होतं. डोक्यावर निळं आभाळ होतं. फक्त दूर, डोंगरांच्या पलीकडे, आभाळाचा एक कोपरा काळाठिक्कर होता. पण पाऊस तिकडे पडत होता, आपल्याकडे नाही, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

पहिल्यांदा कळलं ते मला. ईराने माझी मूठ खडकावर टेकवली होती. त्या खडकातून एक बारीक थरथर माझ्या अंगात शिरली. अगदी हलकी, लांबून ट्रक जावा तशी. मग डोहातले मासे दिसेनासे झाले. पाण्यावरून काटक्या आल्या, बकऱ्यांच्या लेंड्या आल्या, कोरड्या पानांचा एक थर आला. मित्रांनो, मला ओरडायचं होतं. ईराचा हात धरून तिला ओढत न्यायचं होतं. पण मी काठी. मला दुसऱ्याने हलवल्याशिवाय हलता येत नाही.

"ईरा, पाणी गढूळ का झालं गं?" सुजाताबाईंनी विचारलं.

"वन मिनिट, मम्मी. वन लास्ट कास्ट."

तेवढ्यात काठावरून खालांचा आवाज आला. "अगो सुजाता! वर ये गो! पोरीला घेऊन वर ये! पाणी इलाय!"

वळणावरून ते आलं. मला वाटलं होतं लाट येईल, पण तशी लाट नव्हती. विटकरी रंगाची एक जाड, फेसाळ जीभ दगडगोटे लोटत, खडखडत पुढे सरकत होती. तिच्यापुढे धूळ उडत होती. ओल्या मातीचा वास आधी आला आणि मग आवाज. तो आवाज पाण्याचा नव्हताच, दगड दगडांवर आपटल्याचा होता. सुजाताबाईंनी ईराचा दंड धरला आणि खडकाच्या कडेला आल्या. काठ समोर होता. एक पाय खाली टाकला असता तर दोघी गेल्याच असत्या, कारण मधली घोट्याएवढी धार बघता बघता गुडघ्याएवढी झाली आणि लगेच कमरेएवढी. त्यांनी पाय मागे घेतला.

नागेश काठावर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातातली चटई कधी पडली ते त्यांना कळलंही नाही. "तिथेच थांबा! झाडाला धरा!" ते ओरडत होते. त्यांनी गाडीतून दोर काढला, बंद पडलेली गाडी ओढायचा जाड दोर. तो गुंडाळून त्यांनी फेकला. दोर अर्ध्यावर पडला आणि पाण्याने वाहून खाली नेला. त्यांनी ओढून घेतला, पुन्हा फेकला. भिजून तो आणखी जड झाला आणि आणखी अलीकडे पडला. टोकाला दगड बांधून पाहिला, तोही पुरला नाही. मग नागेश बूट काढू लागले.

मागून कुणी तरी त्यांचा पट्टा धरून त्यांना मागे खेचलं.

खालांचे गुडघे दुखरे होते. जिना चढताना त्या दर मजल्यावर थांबायच्या. पण त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन, खुर्ची डोक्यावर धरून उभ्या राहिल्या होत्या. जवळच्या खजुराच्या बागेतला एक म्हातारा अरब पिकअप घेऊन चालला होता, त्याला त्यांनी अडवलं. अबू सैफ त्याचं नाव, आणि पट्टा धरला होता तो त्यानेच. तो हिंदीत ओरडत होता, "तुम पागल है? तुम भी मरेगा! पानी में नहीं जाना. रस्सी भेजो उधर, रस्सी!"

"पोचत नाही!" नागेशचा आवाज फाटला होता. "रस्सी नहीं पहुँचता!" आणि मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "ईरा! काठी! दोरी इकडे टाक! ईरा!"

ईराने मला उचललं.  पाणी खडकावर चढलं होतं. तिच्या बुटांवरून वाहत होतं. बर्फासारखं थंड. ते पाणी माझ्या मुठीला लागलं आणि मला ती जुनी नदी, ते निळे ओठ, सगळं एकदम आठवलं. पळता आलं असतं तर, मित्रांनो, मी पळाले असते.

तिने मला मागे नेलं आणि दोरी काटेरी झाडात अडकली. सुजाताबाईंनी काट्यांत हात घालून ती सोडवली. हातांवर रक्त आलं. दुसऱ्यांदा दोरी वाऱ्याने खाली वाकली, पाण्यावर पडली आणि वाहून गेली.

"आय कान्ट, मम्मी." ईरा हमसून हमसून रडत होती. "आय कान्ट डू इट. वी आर गोइंग टू डाय."

सुजाताबाईंचे दात वाजत होते.  मग त्यांनी एका हाताने झाडाचं खोड कवटाळलं, दुसऱ्या हाताने ईराच्या कमरेला घट्ट विळखा घातला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "मीसुद्धा घाबरलेय बेटा. खूप घाबरलेय. पण मी तुला धरलंय. तू पडणार नाहीस. तू फक्त बाबांकडे बघ."

ईराने नाक बाहीला पुसलं. मागे झाड होतं, म्हणून या वेळी तिने दोरी मागे नेलीच नाही. ती खालच्या अंगाला पाण्यावर पडू दिली. मला हळूहळू उचललं, अगदी कानापर्यंत. ते लाल पाणी दोरीला ओढत होतं आणि मी वाकत चालले होते. मग तिने मला सगळा जोर लावून खाली आणलं. दोरीचं चाक फिरत निघालं, पाण्यावरून, फेसावरून, वाहत्या फांद्यांवरून. तिकडे नागेश गुडघाभर पाण्यात वाकले होते आणि अबू सैफने त्यांचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. पिवळा गोंडा नागेशच्या छातीवर आपटला. त्यांनी त्यावर झडप घातली.

नागेशनी माझ्या दोरीला तो जाड दोर बांधला. ईराने मला आईच्या काखेत दिलं आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली. दोरी तिच्या तळव्यांत रुतत होती. सुजाताबाई मला दंडाखाली दाबून तिच्याबरोबर ओढत होत्या. दोर आला. ओला, जड, सापासारखा वळवळत आला.

नागेशना वाटलं, आता दोघींना ओढून घ्यावं. पण अबू सैफने दोराचं दुसरं टोक आपल्या पिकअपला बांधलं आणि हात आडवा धरला. "अभी नहीं! पत्थर मारेगा उनको. पेड़ से बांधो, पेड़ से!" पुराच्या आवाजात शब्द पोचेनात, म्हणून तो म्हातारा काठावर उभा राहून हवेतल्या हवेत झाडाला मिठी मारत होता, स्वतःभोवती दोर गुंडाळल्यासारखं करत होता. सुजाताबाईंना ते समजलं. त्यांनी दोर ईराभोवती, स्वतःभोवती आणि खोडाभोवती फिरवला आणि गाठीवर गाठ मारत राहिल्या. हात बधिर झाल्यावर दातांनी आवळली.

मग काही करायचं उरलं नाही. तोच वेळ सगळ्यात वाईट होता.

पाणी ईराच्या गुडघ्यांवर आलं, मग मांड्यांवर. खालून दगड घरंगळत जाताना खडक हादरायचा. झाड एका बाजूला कलत होतं आणि त्याची मुळं करकरत होती. दोर ताणून काठापर्यंत सरळ झाला होता. सुजाताबाई ईराचं तोंड आपल्या छातीत दाबून काही तरी पुटपुटत होत्या. काठावर खालांच्या हातातली तसबीह, म्हणजे जपमाळ, थांबली नव्हती. मी त्या दोघींच्या मधे चेपले गेले होते. मला दोन हृदयं धडधडताना ऐकू येत होती. एक मोठी फांदी वाहत आली, सुजाताबाईंच्या खांद्याला घासली आणि माझ्या शेंड्यात अडकली. कट्ट! माझा तिसरा तुकडा तिच्याबरोबर गेला. मला दुखलं का? ते आठवत नाही. भीतीने दुसरं काही जाणवायला जागाच ठेवली नव्हती.

ऊन तसंच होतं. आभाळ तसंच निळं.

पूर आला तसाच ओसरला, पण सावकाश. आधी खडकाची कड दिसली, मग ईराचे बूट. पाणी गुडघ्याखाली गेल्यावर अबू सैफ आपला कंदुरा, म्हणजे लांब झगा, वर खोचून दोराला धरत धरत स्वतः आत आला. ईराला त्याने खांद्यावर टाकलं. सुजाताबाईंच्या गाठी सुटेनात, तेव्हा दोर चाकूने कापावा लागला. काठावर पोचल्यावर नागेशनी दोघींना कवटाळलं आणि तिथेच मटकन बसले. खालांनी आपली शाल ईराभोवती गुंडाळली. "खलास, बेटी, खलास," म्हणजे 'संपलं आता', असं म्हातारा म्हणत होता.  ईराच्या मुठी मात्र आवळलेल्याच होत्या.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण भीती पाण्याबरोबर ओसरत नाही.

घरी आल्यावर ईरा नळ पूर्ण उघडेना. शॉवरचा आवाज आला की कानावर हात ठेवायची. शाळेतल्या पोहण्याच्या तासाला तिचं पोट दुखायचं. टाकीत पाणी चढायला लागलं की दचकून उठून बसायची. नागेशना वाटायचं, आपल्याच हौसेने हे सगळं झालं. ते त्याबद्दल बोलतच नसत. त्यांनी मला पुसून नळीत घातलं आणि नळी कपाटामागे, पहिल्यापेक्षाही आत ढकलली. घरात वादीचं नाव कुणी काढत नव्हतं. शेजारीपाजारी कौतुक करायला आले की ईरा उठून आत जायची. तिला शूर म्हणत, आणि तिला ते खोटं वाटायचं. मला कळत होतं, कारण अंधारात पडल्या पडल्या माझीही तीच गत होती.

वर्ष होत आलं. एक दिवस मैमुनाबी खाला खीर घेऊन आल्या होत्या. ईरा खोलीत दार लावून बसलेली. खाला सुजाताबाईंना म्हणाल्या, "राग धरू नको गो. पण तुम्ही काठीला कोंडलंत नि पोरीलाही कोंडलंत. कुणी काही बोलेना, म्हणून तिला वाटतं, भ्याली ती एकटीच."

सुजाताबाईंनी खिरीचं भांडं बाजूला ठेवलं. मग उठल्या, कपाट सरकवलं आणि नळी काढली. झाकण उघडून त्यांनी मला बाहेर घेतलं. मला त्यांनी तोपर्यंत कधी आपणहून हातात घेतलं नव्हतं. त्या पूर आलेल्या दिवशी घेतलं तेवढंच.

"ईरा, चल. बागेत जाऊ."

"नो, मम्मी. प्लीज. आणि ती तुटलीय. इट वोन्ट वर्क."

"तुटलीय तर तुटलीय. तू फेकू नकोस. मला शिकव."

"यू?"

"हो, मी. त्या दिवशी मी नुसती तुला धरून उभी होते. आणखी काहीच येत नव्हतं मला. अजून रोज ते डोळ्यांपुढे येतं. मलाही झोप लागत नाही, ईरा."

ईरा उठून आईजवळ आली. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बागेत सुजाताबाईंनी मला दोन्ही हातांनी, बॅडमिंटनची रॅकेट धरावी तसं धरलं आणि जोरात झटका दिला. दोरी मागे गेली आणि परत येऊन त्यांच्याच ओढणीत, केसांत, चपलेत गुंडाळली गेली. त्या सोडवायला गिरकी घेऊ लागल्या तशा आणखी अडकल्या. "अगं, हसतेस काय? सोडव मला!" त्या ओरडल्या. ईरा खरंच हसत होती. पोट धरून हसत होती, आणि हसता हसता रडायला लागली. दोघी दोरीच्या गुंत्यात गवतावर बसल्या आणि पहिल्यांदाच त्या दिवसाबद्दल बोलल्या. पाणी किती थंड होतं. झाड कसं करकरत होतं. कुणाला काय वाटलं. शेवटी ईराने डोळे पुसले, आईच्या मनगटावर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "एवढा जोर नाही, मम्मी. मागे नेलीस की थांबायचं. वेट... वेट... आता!"

शेंडा नसल्यामुळे दोरी फार लांब गेली नाही. पण सरळ गेली.

त्यानंतर बहुतेक शुक्रवारी त्या मला घेऊन जातात. नागेश कधी कधी चहाचा थर्मास घेऊन येतात. बागेतले पाण्याचे फवारे अचानक सुरू झाले की ईरा अजूनही दोन पावलं मागे सरकते, आणि मलाही परत नळीत जावंसं वाटतं. सुजाताबाई तिला हाक मारत नाहीत, ओढतही नाहीत. त्या मला खाली ठेवून तिच्याजवळ जाऊन उभ्या राहतात. फवारे बंद झाले की पुन्हा सुरुवात करायची, एवढंच ठरलेलं आहे.

मित्रांनो, माझ्यासारखं मोडकं काही तुमच्या घरात असेल तर ते कपाटामागे ढकलण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. ऊन पडलेलं असलं तरी डोंगरापलीकडे काळं आभाळ दिसलं तर कोरड्या नदीच्या पात्रात उतरू नका. आणि घरात कुणी भ्यालेलं असेल तर त्याला शूर म्हणू नका, 'घाबरू नकोस' असंही म्हणू नका. तुम्ही कधी आणि कशाला घाबरला होतात, ते त्याला सांगा. मग तो बोलेपर्यंत थांबा.